पायाळू

मी पायांकडून आले.
हौसा सुईण सांगायची, आधी डावा तळवा दिसला,
मग बराच वेळ काहीच नाही.

जत तालुक्यात पायाळू पोर
एकट्या आईबापांचं नसतं.
कुणाच्या पाठीत उसण भरली
की तो आमच्या दारात येऊन पालथा पडायचा,
आणि मी, सात वर्षांची, परकर सावरून
डाव्या पायानं तीन लाथा.
बरे व्हायचे. मूठभर शेंगा ठेवून जायचे.

विहिरीची जागा बघायला
माळावर अनवाणी चालवायचे मला.
एकदा लागलं पाणी. चारदा नाही.
त्या चारदाची गोष्ट कुणी काढत नाही.

वीज कडाडली की आई कणगीमागे लपवायची.
पोरगी झोकत चालते, असं कुणी म्हणालं
तर तिचं उत्तर तयार:
पायाळूच ती, चालणारच वेगळी.

चौतिसाव्या वर्षी, जत-मिरज गाडीत,
मशीन गळ्यात, सुट्टे पैसे मुठीत,
कवठेमहांकाळच्या अलीकडं ड्रायव्हरनं ब्रेक दाबला
आणि जांघेत काहीतरी
बिजागरी निसटावी तसं निसटून परत बसलं.
पुढची तिकिटं दांडा धरून दिली.
नंतर तर बसूनच. कंडक्टर बसलेला पाहून
लोक आपणहून पैसे पुढं पाठवायला लागले.

डॉक्टर मगदुमांनी फिल्म उजेडाला धरली.
"खुब्याची वाटी जन्मापासून उथळ.
गोळा निम्मा बाहेरच राहिलाय.
पायाळू होतीस का?"
मी आधी दाराकडं पाहिलं,
यांचीही पाठ धरली की काय!

"झीज सुरू झालीय," म्हणाले. "सुरू.
सांधा बदलता येतो. पण तुझा अजून तुझा आहे.
वाटीभोवतीचं हाड कापून सोडवायचं,
वाटी फिरवून गोळ्यावर ओढायची, स्क्रू मारायचे."
ते हातानं दाखवत होते,
मला दिसत होतं, उन्हात निघालेली बाई
डोक्यावरून घसरलेला पदर पुढं घेतेय.

किती वर्षं टिकेल?
"दहा, पंधरा. झीज आहे म्हणून कमीही.
एखाद्याचं पाच वर्षांतच बिनसतं.
लिहून देणार नाही."

माळावर मला कुणी
इतकं खरं सांगून नेलं नव्हतं.
मी सही केली.

मिरजेत पहिल्या रात्री
कमरेत कुणीतरी दगडी जातं ठेवून गेलं होतं.
पलीकडच्या खाटेवरची म्हातारी
झोपेत म्हशीला हाका मारत होती.
तिसऱ्या दिवशी मांडीवरून हात फिरवला
तर तळहाताएवढा तुकडा माझा नव्हता.
सिस्टर म्हणाली, येईल परत. बहुतेक.

घरी सक्त ताकीद: डाव्या पायावर
दहा किलो. सहा आठवडे. त्याहून जास्त नाही.
दहा किलो म्हणजे किती, हे पायाला कसं कळावं?
दिरानं शेडमधला बेदाण्याचा काटा आणला.
वॉकर धरून मी रोज त्यावर पाय टेकवते.
चौदा. उचल. सहा. जरा अजून. दहा.
काट्याच्या फटीत अडकलेले बेदाणे
पोरं टोकरून खातात.

सोळाव्या दिवशी मायाप्पा बंडगर आला,
एका अंगानं वाकडा, काठीवर.
"ऑपरेशन झालंय माझं, अण्णा."
"म्हाईत हाय. लाथ नगं.
फकस्त टेकव."
आणि उंबऱ्यात पालथा पडला.

आई काही बोलली नाही.
दीर म्हणाला, काटा आणू?

डावा अंगठा त्याच्या सदऱ्यावर ठेवला.
खाली बरगड्या, त्याखाली श्वास,
वरखाली.
दहा, मी मनात म्हणाले.
दहाच.

उठताना त्याला आधार सापडेना
म्हणून त्यानं माझा वॉकर धरला.
मीही तोच धरलेला.
थोडा वेळ
कोण कुणाच्या जोरावर उभं आहे
ते आम्हां दोघांनाही सांगता आलं नसतं.